पेज पाण्यात मोडत नाही

आंधळगाव, शुक्रवार

ती. पार्वताबाईस, धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे आणि भाऊजींचा दमा आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. मी बरा नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्याजोगी नाही, म्हणून पत्र.

शौचातून रक्त जातं म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी आतड्याची दुर्बिणीने तपासणी सांगितली. (दुर्बीण कुठून घालतात ते विचारू नकोस.) त्याआधी आतडं धुऊन निघायला हवं. आदल्या दिवशी जेवण बंद, आणि एक पावडर दोन लिटर पाण्यात कालवून अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे प्यायची. शेवटी फिकट पिवळं, तळ दिसेल असं पाणीच पडायला हवं. ते ओळखायला चार रंगांच्या चित्रांचा कागद दिला होता, एक नंबर सगळ्यात गढूळ, चार नंबर स्वच्छ. रुखमाने तो संडासात आतून चिकटवला आणि तुझी ही भावजय स्वतः बाहेर स्टूल टाकून बसली. एकोणतीस वर्षं पोस्टात काढली, पण अशी कडक तपासणी कधी झाली नाही. दर खेपेला आतून नंबर सांगायचा. "दोनच काय जी? अजून प्या!" (शेजारच्या पुष्पाबाईने कोणाचा निकाल लागला म्हणून चौकशी केली.)

संध्याकाळी पोटात खड्डा पडला. माझ्यासोबत रुखमाचाही अर्धा उपास, म्हणून तिने स्वतःपुरती पेज केली होती. ती जरा बाहेर गेली तेव्हा दोन पेले प्यायलो. आपल्या धानाच्या मुलखात पेजेला जेवण कोण म्हणतं? पहाटे रुखमाला आतून खुशाल "चार" सांगितलं, नागपुरात सिस्टरलाही चारच. दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर शितं दिसली. डॉक्टर म्हणाले, "काका, यात गाठ लपली असली तर मले दिसनार नाही." आता येत्या बुधवारी पुन्हा. परत एस.टी.ने निघालो. भंडाऱ्याला रुखमा एवढंच म्हणाली, "शितायले पानी म्हन्ता काय जी?"

तुझा,
बाबुलाल

ता.क. भाऊजींना सांग, मला नुसता गॅस आहे.

आणखी ता.क. बाई, पेज मी चुकून प्यायलो नाही. बाबांचंही असंच रक्ताने सुरू झालं होतं. तपासणीत गाठ दिसली आणि चार महिन्यांत ते गेले. पडद्यावर शितं दिसली तेव्हा मला बरं वाटलं. फार भीती वाटते गं. मंगळवारी सकाळीच ये. रुखमा मी सांगेन तो नंबर खरा मानते. तुला ऐकूच येत नाही, तू सरळ दार ढकलून बघशील. लहानपणी मला तूच धुवायचीस.