नदीपलीकडून ऐकलेला दुसरा डबा

मी, चुनीलाल मगन पाटील, वय एकसष्ट, मूळचा सारंगखेड्याचा, हल्ली राहणार नंदुरबार, धंदा रेडिओ व लाऊडस्पीकर दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. छातीत पाणी झाले आहे, पण डोके शाबूत आहे. कानही शाबूत आहेत, आणि पुढच्या मजकुराला त्यांचीच जास्त गरज आहे.

एक. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी जमनाबाई हिला. घरातला रेडिओ केव्हा लावायचा व केव्हा बंद करायचा यावर तीस वर्षे मी हुकूम चालवला. यापुढे तो तिच्या मर्जीने वाजेल.

दोन. सारंगखेड्याच्या केळीच्या मळ्यातला माझा हिस्सा धाकटा भाऊ भाईदास याला. मी शेती सोडून भोंग्यांच्या धंद्यात पडलो तेव्हा "पाटीलना पोऱ्या तमासगीर व्हई गया" असे याने गावभर सांगितले होते. ते मी विसरलेलो नाही. तरी जमीन त्याचीच, कारण ती कसली त्याने.

तीन. हे कलम दाऊद फकीर शेख याच्याविषयी आहे.

दाऊद नंदुरबारच्या कल्हईवाल्यांच्या घरातला. माझ्या दुकानात दहा वर्षे भागीदारासारखा राबला, पण पाटीवर त्याचे नाव मी कधी लावले नाही. सुरतेहून आणलेल्या गिटारीला त्याने लोहचुंबकाभोवती बारीक तार गुंडाळून बसवली आणि ती आमच्या अॅम्प्लिफायरला जोडली. त्याला तारेचा सूर सनईसारखा लांबवायचा होता. अॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की आवाज फाटतो आणि फाटलेला सूरच लांबतो, हे त्याने स्वतः शोधले. पण गिटारीचा जोर तिथवर पुरेना. मध्ये जोर वाढवणारा एखादा डबा हवा होता. १९६५ च्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी एकेक केला.

माझा डबा लोखंडी, व्हॉल्व्हचा. गिटारीतून येईल ते सगळे तो सारखेच फुगवी. दुकानात हळू लावला की आवाज भरदार वाटे. दाऊदचा पत्र्याचा, एकाच ट्रान्झिस्टरचा, टॉर्चच्या सेलवर चालणारा. त्याने वाटेत इतका लहान कंडेन्सर घातला होता की खालचे जाड सूर अलीकडेच अडत. दुकानात तो मला डासासारखा वाटला, आणि मी तसे गिऱ्हाइकांदेखत म्हणालो. दाऊद एवढेच बोलला, "चुनीभाऊ, आठे मंद वाजाडीसन काय समजाव? भोंगा पुरा भरू द्या, मंग आयका."

आमच्याकडे पलीकडच्या गावची वरात नावेतून तापी ओलांडते, आणि ती काठाला लागण्याआधी बँड मांडवात ऐकू गेला पाहिजे असा वधूपक्षाचा हट्ट असतो. म्हणून परीक्षा नदीवर ठरली. दाऊद गिटार, भोंगा व दोन्ही डबे घेऊन सारंगखेड्याच्या काठावर, मी धुडकू नावाड्याबरोबर समोरच्या काठावर. कोणता डबा आधी लावायचा ते दाऊदने ठरवायचे, मला सांगायचे नाही. मी परत येऊन पहिला की दुसरा एवढेच सांगायचे. जो जिंकेल तो डबा, करणाऱ्याच्या नावाने, दुकानाने बँडवाल्यांना विकायचा.

पहिल्या खेपेला पाण्यावरून जाड सुरांची नुसती गुरगुर आली. चाल कोणती तेही कळेना. दुसऱ्या खेपेला एकेक सूर सुटा आला, फाटलेला पण स्वच्छ, आणि शेवटचा तर कितीतरी वेळ येतच राहिला. "हाच! हाच माझा!" असे मी ओरडलो. नाव परत काठाला लागली तेव्हा पाहतो तो दाऊदचा पत्र्याचा डबा अजून गिटारीला जोडलेला. म्हणजे दुसरा त्याचा होता.

दाऊदने विचारले, "पहिला का दुसरा?"

मी म्हणालो, "पहिला."

त्याने माझ्या कानांवर विश्वास ठेवला आणि तारा सोडल्या. धुडकू नावेचा दोर बांधत होता. दाऊद पुढे गेल्यावर तो मला म्हणाला, "पाटील, मी कोणलेच सांगाव नही. पन तुमले ठाऊक शे."

पुढच्या वर्षी मी दाऊदच्या कंडेन्सरचे माप चोरून माझ्या डब्यात घातले, वर 'चुनीलाल' असे रंगवले आणि तळोद्यापर्यंतच्या बँडवाल्यांना ते डबे विकले. रनाळ्याच्या एका लग्नात दाऊदने तो आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवून तो कल्हईच्या भट्टीवर परत गेला. गिटार इथेच राहिली. तेव्हापासून तो दर दिवाळीला जमनाबाईची भांडी कल्हई करून देतो आणि माझ्याशी एक शब्द बोलत नाही. मला त्याची आठवण येते. लाज वाटते ती वेगळी.

चार. दुकान, सगळी हत्यारे, गिटार व पत्र्याचा डबा दाऊदला. पाटीवर त्याचे एकट्याचे नाव रंगवावे. तो नको म्हणाला तर कोणी गळ घालू नये, फक्त जमनाबाईने एकदा विचारावे. तिला तो नाही म्हणत नाही. माझा लोखंडी डबा भाईदासने मळ्यात खिळे ठेवायला न्यावा.

पाच. मी गेल्यानंतरच्या पहिल्या सारंगखेड्याच्या यात्रेत कलम तीन माझ्याच भोंग्यावरून, एक अक्षर न गाळता, भाईदासने वाचावे. भोंग्याचे तोंड नदीकडे करावे. अॅम्प्लिफायर मात्र निम्म्यावर ठेवावा, शब्द फाटता कामा नयेत.

सहा. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही देता येत नाही असे वकील सांगतात. म्हणून धुडकूला मी काही देत नाही. मला त्याची साक्ष हवी आहे.

मुक्काम नंदुरबार, जिल्हा धुळे. तारीख १४ नोव्हेंबर १९६८.

सही: चुनीलाल मगन पाटील

साक्षीदार:
१. रूपसिंग दगा गिरासे, शिक्षक, नंदुरबार. (सही)
२. धुडकू भटू भोई, नावाडी, सारंगखेडे. (डाव्या हाताचा अंगठा)

दस्तलेखकाचा शेरा: साक्षीदार क्रमांक दोन यास लिहिता-वाचता येत नसल्याने सर्व मजकूर वाचून दाखवला. कलम तीन त्याने पुन्हा एकदा वाचायला लावले. मग "दुसराच व्हता" असे म्हणून त्याने अंगठा केला.