दगडांचं रफू

३ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. मागच्या पत्रात कान उपटलेस तेवढे पुरेत, अजून लाल आहेत. मी खुशाल आहे. रंगाचं काम टिकून आहे. मुकादम बरा माणूस आहे, फक्त सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत त्याच्यासमोर उभं राहायचं नाही.

सध्या एका चार मजली इमारतीच्या खिडक्या रंगवतोय. तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात, दवाखान्यात मेट्रन होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांच्या सज्जाखाली एका पक्ष्यानं घरटं केलेलं. मी लटकत्या फळीवरून तेवढी हातभर जागा सोडून पुढं सरकलो. मुकादम खालून ओरडला की भिंतीची अर्धीच दाढी करणार आहेस का. तर मेट्रनबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला सुनावलं की पिल्लं उडेपर्यंत दाढी अर्धीच राहील. मग मला म्हणाल्या, रविवारी मोकळा असशील तर आमच्याबरोबर डोंगरावर ये.

गेलो. आता चार रविवार झाले. सातआठ माणसं आहेत, सगळी माझ्या दुप्पट वयाची, आणि चढावर मीच शेवटी. झाडी सुरू होते तिथं मेट्रनबाई घड्याळ बघून सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करतात, नाडी बघतात तसं. मग प्रत्येकानं काय काय ऐकलं ते सांगायचं. पहिल्या दिवशी मी सांगितलं, माझं पोट. काल मी सुतारपक्षी, दोन बेडूक आणि वाळक्या पानांखालून सरपटणारा सरडा सांगितला. बाईंनी मान हलवली. ताई, शाळेत कुणी माझ्याकडं बघून मान हलवली असेल तर ती आडवीच.

फुलांची पुस्तकातली नावं माझ्या तोंडात बसत नाहीत. मी आपला रंग सांगतो. पांढऱ्याच्या डब्यात निळ्याचे दोन थेंब, वर काळ्याचा नुसता वास. ते ऐकून घड्याळ दुरुस्त करणारे काका, ज्यांना सगळे घड्याळजी म्हणतात, ते नाव बरोबर ओळखतात.

बाबांना सांग, पोरगं टिकलंय. भाचीला पापा. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मशीनवर बसल्याबसल्याच वाचलं आणि एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. ती उसवायचे कष्ट तुझ्या नावावर.

तू डोंगरावर जातोस हे ऐकून तुझे भाऊजी म्हणाले, जाईना का, पण त्याला सांग की पलीकडच्या बाजूनं उतरू नकोस. ते गमतीत म्हणाले, मी नाही. बेकरी सोडलीस, गोदाम सोडलंस, ट्रकवर गेलास तोही दीड महिना. प्रत्येक वेळी बाबांना मीच समजावलं. या खेपेला त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय, दिवाळखोर शब्द आता मला देऊ नकोस. तेव्हा टिकलास तर माझं तोंड राहील.

फुलांचे रंग वाचून मात्र बरं वाटलं. तू लहानपणी माझ्या रिळांच्या डब्यात तासन्‌तास बसायचास, तेवढाच वेळ एका जागी.

बूट चांगले घे. मेट्रनबाईंना माझा नमस्कार सांग. आमचा जीव तुझ्यात असतो, एवढं ध्यानात धर.

तुझी,
ताई


२४ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग बाकीचं. मला फूल सापडलं!

मेट्रनबाई नऊ वर्षं एक फूल शोधतायत. आमरीचीच, म्हणजे ऑर्किडचीच जात, पण झाडावरची नाही, जमिनीतून येणारी. उंची माझ्या मधल्या बोटाएवढी, फूल तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखं, आणि रंग असा की मी तो बनवूच शकलो नसतो. आतून गुलाबी असल्याचा नुसता संशय. पूर्वी त्या डोंगरावर पुष्कळ होती. बाई पायवाटेनं शोधत राहिल्या. काल मी एका मुंगसामागं वाट सोडून झुडपात शिरलो, मुंगूस गेलं आणि हे समोर. एकच. तोवर बाकीचे खाली उतरले होते.

मी अक्कल चालवली. आमच्या कामात जिथं दुसरा हात द्यायचा तिथं मुकादम पिवळा ठिपका द्यायला लावतो, म्हणजे मागून येणाऱ्याला शोधावं लागत नाही. माझ्या पिशवीत पिवळ्याची छोटी डबी होतीच. पायवाटेपासून फुलापर्यंत अकरा दगडांवर अकरा ठिपके दिले. बाईंना संध्याकाळी जाऊन सांगितलं तर त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. ठिपक्यांचं मात्र सांगितलं नाही. ते रविवारी सगळ्यांना दाखवणार आहे. आज चहाच्या टपरीवर ठिपक्यांसकट सगळी गोष्ट चारदा सांगून झाली.

असाच जीव लाव,
भिंगरी


३१ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

काल पहिला ठिपका बघितला आणि मेट्रनबाई जागीच थांबल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं आणि मला उताराच्या एका कडेला नेलं. तिथं मातीत पाच खड्डे होते, जुने. या फुलाचे कंद उकरून विकणारे लोक आहेत, म्हणून त्या डोंगरावर आता एकही उरलं नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या की तू त्यांना बोट धरून नेलंयस. अजून महिना, सव्वा महिना ते फूल जागेवर राहिलं तर बोंड धरेल आणि बी पडेल. नाहीतर हे शेवटचं. आणि म्हणाल्या, हे निस्तरेपर्यंत रविवारी येऊ नकोस.

मी एक दगड तारेच्या ब्रशनं घासला. रंग गेला, पण शेवाळही गेलं, आणि पांढरा डाग असा उठला की लांबून दिसतो. थिनर वापरला तर खालच्या मुंग्या आणि मुळं जळतील. वर टपरीवर मी केलेली दवंडी आहेच.

इथून दोन तासांवर एका पुलाचं काम निघालंय. पगार बरा आहे. पिशवी भरायला मला पाच मिनिटं लागतात, तुला माहीत आहे. काय करू ते लिही. लोभ उरला असेल तर उलट टपाली लिही.

भिंगरी


४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आधी पिशवी खुंटीला टांग. टांगलीस? मग पुढचं वाच.

तुझी चूक मोठी आहे, मी लपवत नाही. पण ती वाईट मनाची नाही, आणि बाईंनाही ते कळलंय. नाहीतर निस्तरेपर्यंत असं त्या म्हणाल्याच नसत्या, येऊ नकोस एवढंच म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. मी गिऱ्हाइकांशी बोलते रे, मला शब्दांतली शिवण दिसते.

गेल्या वर्षी माझ्या हातून एका बाईंचा भारी कोट इस्त्रीनं जळला. भर छातीवर. मी रडले, तुझे भाऊजी म्हणाले भरपाई देऊ. मग मी त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून दोरे काढले आणि त्याच दोऱ्यांनी रफू केलं. बाजारातला सगळ्यात जवळचा रंग आणला असता तरी दिसला असता. कोटाचा दोरा कोटात जिरला. ती बाई अजून तोच कोट घालून येते आणि मी अजून तिच्या छातीकडं बघते.

घासू नकोस, पुसू नकोस. रफू कर. रंग दगडाकडूनच माग. तुझ्यासारखा रंग मिसळणारा मुकादमाकडं दुसरा नाही, हे तूच दहा वेळा लिहिलंयस. आता ते खरं करून दाखव.

पैशांसाठी पूल बांधायला नंतरही जाता येईल. आधी हा बांध. आम्ही पाठीशी आहोत.

ताई


१४ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पाया पडतो. पत्र वाचलं आणि रोज कामाआधी पहाटेची बस धरली.

दगड करडा असतो असं म्हणणाऱ्यानं दगड बघितलेलाच नाही. एकाच दगडात राखाडी, वांगी, गंजका, आणि शेवाळाचे तीन हिरवे. मी प्रत्येक दगडाजवळची माती चाळून घेतली, मुकादमाकडून चमक नसलेला रंग मागून आणला आणि त्यात ती माती कालवली. ब्रश नाही, स्पंजाचा फाटका तुकडा. रोज दोन दगड. मुकादमानं विचारलं की कुठली इमारत रंगवतोयस. मी म्हटलं, डोंगर. त्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

आता खरी गंमत ऐक. परवा शनिवारी अर्धी सुट्टी होती. शेवटचा, मोठा दगड उरकून हात पुसत होतो तोच दोन माणसं आली. खांद्याला पोतं, हातात पहार. मला विचारतात, इथं पिवळे ठिपके कुठं दिसले का. टपरीवरची दवंडी! ताई, फूल चार पावलांवर. मी म्हटलं, ठिपके बघितले नाहीत, आणि ते खरंच होतं, कारण बघण्यासारखा एकही उरला नव्हता. त्यांनी झुडपात इकडंतिकडं पहार खुपसली. मग त्यातला जाडा दमला आणि त्या मोठ्या दगडावर बसला. ओल्या! चांगला पाव तास बसून टपरीवाल्या लोकांना शिव्या घातल्या, कसे थापा मारतात म्हणून. मी हो ला हो केलं. जाताना त्याच्या पार्श्वभागावर शेवाळासकट हुबेहूब दगड होता. तो वळणाआड जाईपर्यंत मी स्पंज तोंडात कोंबून बसलो होतो.

काल बाईंना निरोप दिला. त्या आणि घड्याळजी आले. पायवाटेवर उभं राहून अर्धा तास शोधलं, घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून शोधलं. अकरातला एकही सापडेना. बाईंनी माझ्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाल्या, चल, आता फूल दाखव.

आणि मला ते सापडेना! खुणा मीच मिटवलेल्या. तिघंही गुडघ्यांवर. शेवटी घड्याळजी डबा टेकवायला जागा बघत होते, आणि बाई एवढ्या जोरात ओरडल्या की झाडावरचे पक्षी उडाले. डब्याच्या बुडापासून चार बोटांवर ते उभं होतं.

रविवारी परत येतोयस ना, असं बाईंनी जाताना विचारलं. मी नाडी बघायला हात पुढं केला. त्या हसल्या. तुझ्या हातचं रफू इथवर पोचलं, माया अशीच लांब हाताची राहू दे.

भिंगरी


५ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल बोंड फुटलं. सगळे जण पोटावर पालथे पडून बघत होतो, सातआठ म्हातारे आणि मी. वारा आला आणि त्यातून धूर निघाल्यासारखं काहीतरी निघालं. तेच बी. पिठाहून बारीक. घड्याळजींच्या मिशीवर थोडं बसलं तर बाईंनी त्यांना डोंगर उतरेपर्यंत मिशी पुसू दिली नाही.

मी विचारलं, आता पुढच्या वर्षी पुष्कळ येतील ना. बाई म्हणाल्या, हे बी आधी जमिनीखाली नुसतं पडून राहतं. जगलंच तर पहिलं फूल यायला पाचसहा वर्षं, कधी सातही. माझं वय बघता हे बघायचं काम तुझ्याकडं.

ताई, मी रात्रभर बोटं मोजली नाहीत. एकदाच मोजली आणि झोपलो. सकाळी मुकादमाला विचारलं की पुढच्या हंगामाला मला धरून चालणार का. त्यानं पुन्हा कपाळाला हात लावला.

तू माझा पत्ता वहीत पेन्सिलीनं लिहितेस, हे भाऊजींनी मला कधीच सांगितलंय. आता पेनानं लिही. बाबांसमोर लिही.

भाचीला घेऊन कधी येता ते कळव, मात्र डोंगरावर कुठं बसायचं ते मी सांगेन. बाकी लोभ आहेच. तो मागायचं मी आता सोडलं.

तुझा,
भिंगरी