टाळ्यांचा आवाज

दिंडोली, सुरत
९ डिसेंबर

लाडक्या मनीषास,

आईचे आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. तुझी हर्षदाही बरी आहे. तू पाठवलेला फ्रॉक गुडघ्याच्या वर गेलाय. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलायचं तर ती कान देऊन उभी असते, म्हणून लिहिते. समोरचा सुकदेव सुट्टी संपवून मस्कतला निघालाय, त्याच्या हाती देते.

रविवारी तू विचारलंस, "आई, ते कसले फटके? तू तिला मारतेस का?" मी "नाही गं" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून जीव लागत नाही कशात.

त्या टाळ्या होत्या. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा इंग्रजी शब्द असे फोडायला शिकवायच्या. हनुवटीखाली हात धरायचा. ती जितक्यांदा हाताला टेकेल तितके शब्दाचे तुकडे, तितक्या टाळ्या. बटरफ्लाय तीन, टीचर दोन. ओळीच्या शेवटी जागा पुरली नाही तर तुकड्यावरच तोडायचं आणि आडवी रेघ द्यायची. "ती रेघ वाचणाऱ्याला सांगते, थांब, उरलेलं येतंय," असं सिस्टर म्हणायच्या. पण पानाच्या शेवटच्या ओळीत तोडू द्यायच्या नाहीत. पान उलटेपर्यंत कुणाला ताटकळत ठेवू नये म्हणून.

हर्षदाला डिक्टेशनसाठी हे शिकवलं. तिला इतकं आवडलं की जिन्यात, गच्चीवर, दिवसभर टाळ्या.

आता जे लिहायचं होतं ते. दिवाळीपासून ती बोलताना अडते. पहिलं अक्षर धरून बसते, मान ताणते, डोळे मिटून घेते. डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांच्याशी खुशाल गप्पा मारल्या, एकदाही अडली नाही. मलाच ओशाळल्यासारखं झालं. "नेमकी कधी अडते ते बघा," म्हणाले.

मी बघितलं. शाळेत नाही. माझ्याशी नाही. खालच्या मंगलाबाई तर म्हणतात, "हाई पोर रेडिओ शे माय, बंदच व्हत नही."

ती फक्त रविवारी अडते. तुझा फोन आला की.

तू म्हणतेस ना, हल्ली गप्प असते, रुसलीये का? रुसलेली नाही गं. तिला तुझ्याशी बोलताच येत नाही. टाळ्यांनी शब्द सुटेल, ही युक्ती तिचीच. फोन हातात धरून टाळी वाजत नाही, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकून गादीवर ठेवला आणि वाजवत राहिली. दोन, पुन्हा दोन. मम, मी. तेवढ्यात तुझा प्रश्न आला. तिनेही ऐकला. रात्री जेवताना म्हणाली, "आजी, मम्मीला कळलंच नाही." हे मात्र सरळ, न अडता.

करार आणखी दोन वर्षं वाढवू का, असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलले. हॉस्पिटलात तुझा जम बसलाय, मला कळतं. तरी सही करण्याआधी ये. येते असं फोनवर सांगू नकोस, नुसती ये. दारात ती तुझ्यासमोर अडेल. तेव्हा घाईने शब्द तू पुरा करू नकोस. तिचा होईपर्यंत उभी राहा.

तिला थोपटता थोपटता दाराकडे बघणारी,
तुझी आई