ओढ्याची उतरण आणि लाल गाडीचे फोर्क

मी, फर्मी कुदिनाक, वय एकोणऐंशी, राहणार सांत ग्राउ, डोके ताळ्यावर असताना आणि कोणी पढवत नसताना हे माझ्या हाताने लिहीत आहे. पाठीशी एवारिस्त उभा आहे, पण तो निवृत्त पोस्टमन असून फक्त शुद्धलेखन बघतो आहे. माझा हात थरथरतो तो वयामुळे. भीतीमुळे थरथरला असे माझ्या भावाच्या वकिलाने नंतर म्हणू नये.

नोटरीच्या कारकुनाने बजावले आहे की अशा कागदावर खाडाखोड चालत नाही. म्हणून एकदा लिहिलेले मी खोडणार नाही. मत बदललेच तर खाली नव्याने लिहीन, आणि जे खाली असेल ते खरे धरावे. वाचणाऱ्याने मधेच थांबून निकाल लावू नये.

मी राहतो ती जागा, म्हणजे खाली गॅरेज आणि वर एक खोली, ही माझ्या वडिलांच्या खेचरांचा तबेला होती. आमच्याकडे घर, जंगल आणि कुरणे थोरल्या मुलाला जातात. धाकट्याला आशीर्वाद मिळतो. माझा भाऊ क्लिमेन माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठा आहे. तेवढ्यासाठी त्याला डोंगराकडचे मोठे घर मिळाले आणि मला तबेला, तोही वर्षभर भांडल्यावर. क्लिमेनला मी काही ठेवत नाही. हे विसरून नव्हे, आठवून लिहितो. त्याने माझ्या शवपेटीला खांदाही देऊ नये. चढावर त्याला दम लागेल, तो थांबेल, आणि लोक त्याची कीव करतील, माझी नाही.

टेबलाला बसवलेला व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरायचा लोखंडी शिकंजा, आणि लहान कानस एवारिस्तला द्यावी. त्याला त्यांचा उपयोग नाही, पण तो रोज येऊन त्या व्हाइसवरच कोपर टेकतो.

उरलेले सगळे, म्हणजे तबेला, हत्यारे आणि लाल गाडी, माझी मुलगी नेउस हिला मिळावे. मात्र खाली लिहिलेली अट तिने पाळली तरच.

अट समजायला गाडी समजली पाहिजे. ही ट्रायलची मोटरसायकल आहे. हिला सीट नाही, कारण बसायचेच नसते. उभ्याने ती दगडांवरून, ओढ्यातून, झाडांच्या मुळांवरून हळूहळू न्यायची असते. पाय टेकला की एक गुण चढतो, पडले की पाच, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकतो. वकिलासाठी हे लिहिले. इथल्या पोरांना हे चालायला लागायच्या आधी येते.

गाडी विकत आणली तेव्हा ती कोणाचीच नव्हती. मी ती नेउसची केली. नेउस उंच, म्हणून हँडल वर घेतले, म्हणजे तिला वाकावे लागणार नाही. मग तिचा भार मागे गेला आणि चढावर पुढचे चाक उचलायला लागले, म्हणून हँडल पुढे कलते केले. फूटरेस्ट खाली आणि मागे सरकवले, तेव्हा मागच्या चाकाला ओल्या दगडावर पकड आली, पण पुढचे चाक वळणात बेफिकीर झाले. इंजिनात जड फ्लायव्हील, म्हणजे झटके शोषणारे वजनदार चाक, घातले, गाडी दचकायची थांबली, पण मोठ्या दगडावर चढायला वेळ लावू लागली. एक सुधारले की दुसरे बिघडते, मग दुसऱ्याकडे बघावे लागते. ज्यांना हे कळत नाही ते म्हणतात, फर्मीचे हात शिवशिवतात.

नेउसही म्हणायची. "बाबा, दर रविवारी तुम्ही मला नवीनच गाडी देता. हिची ओळख कधी करून घेऊ मी?"

"कालच्यापेक्षा चांगली देतो ना?"

"चांगली नको. कालची द्या."

तिच्या आईनेही तिचीच बाजू घेतली, हे नोंदवून ठेवतो. ती आता नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

शेवटची स्पर्धा आमच्याच गावात झाली. नेउस तेव्हा वीस वर्षांची होती. ती पहिली होती आणि दोनच टप्पे उरले होते. मी पाठीवर हत्यारांची पिशवी घेऊन तिच्यासोबत होतो. त्यातल्या पहिल्या टप्प्यात, पाइनच्या झाडांतून वळताना, गाडी बाहेर बाहेर जात होती आणि नेउसचा पाय टेकला. ती पाणी पीत होती तेवढ्यात मी बोल्ट सैल केले आणि फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या, त्यांच्या पकडीतून बोटभर वर सरकवले. असे केले की गाडीचे नाक खाली येते आणि ती मांजरीसारखी वळते. शेवटचा टप्पा म्हणजे ओढ्याची उतरण. वर एक आखूड वळण आणि मग सरळ खाली. वरचे वळण तिने असे घेतले की लोक ओरडले. ते ओरडलेले लोक अजून जिवंत आहेत. खाली उतरताना पुढचे चाक आत दुमडले, ती हँडलवरून गेली आणि तिचे उजवे मनगट मोडले.

स्ट्रेचरवर तिने एवढेच विचारले, "काय बदललं?"

मी म्हटले, "बोटभर."

ती हसली. मग माझ्याकडे बघायची थांबली. दोरीपलीकडे क्लिमेन उभा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "याला वाटणीत तबेला दिला तेच बरं झालं. घर दिलं असतं, तर रोज दारं-खिडक्यांच्या जागा बदलल्या असत्या यानं."

लोक हसले. एवारिस्तही हसला होता. तो आत्ता नाही म्हणतो आहे.

नेउस शेजारच्या खोऱ्यात राहते आणि मुलांना ट्रायल शिकवते. तिथे नियम आहे म्हणे, टायरची हवा वगळता गाडीत कशाला हात लावायचा नाही. लोक मुद्दाम येऊन मला हे सांगतात. नियम कोणासाठी केला आहे ते मला कळते.

ती पडली शेवाळ्यामुळे. फोर्कमुळे नाही. त्या दिवसापासून सोळा वर्षे मी त्या गाडीच्या एकाही बोल्टला पाना लावलेला नाही.

म्हणून अट अशी: माझ्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत नेउसने ती गाडी, फोर्क आहेत तसेच ठेवून, लोकांसमोर ओढ्याच्या उतरणीवरून खाली न्यावी. नेली तर सगळे तिचे. नाही नेली तर सगळे क्लिमेनला जावे. हे मुद्दाम लिहिले आहे. निदान त्याला मिळू नये म्हणून तरी ती गाडीवर चढेल.

इथे एवारिस्तने चष्मा काढला.

"आणि पडली तर?"

"नाही पडणार."

"छत्तीस वर्षांची झाली ती. मनगटात पट्टी आहे लोखंडाची."

"शेवाळं नसलं तर नाही पडणार."

"मग शेवाळं नसताना, असं लिही की बाबा!"

त्याचे म्हणणे रास्त आहे. तरी उतरण ऑगस्टमध्येच उतरावी, ओढा आटलेला आणि दगड कोरडे असताना.

तसेच टायर नवे घालावेत. जुने इतक्या वर्षांत लाकूड झाले असतील. हवा कमी ठेवावी, अंगठ्याने दाबल्यावर दबेल इतकी, पण पुढच्या चाकात थोडी जास्त, नाहीतर टोकदार दगडावर रिम आपटेल. हा बदल नाही, ही काळजी आहे.

तसेच पुढच्या ब्रेकची दांडी आत घ्यावी. ब्रेक उजव्या हाताला असतो आणि तिचे ते मनगट पूर्वीसारखे वाकत नसणार. एका बोटाने लागला पाहिजे.

तसेच हँडल किंचित मागे फिरवावे. उतारावर तिचा भार मागे राहील. तेव्हाही फिरवायला हवे होते, पण वेळ नव्हता.

फिलुमेना, म्हणजे समोरच्या बारची मालकीण आणि माझी दुसरी साक्षीदार, टोमॅटो चोळलेला पाव आणि सॉसेज घेऊन आली. तिने उभ्याउभ्या सगळे वाचले.

"मेल्यावरसुद्धा पाना सुटणार नाही याच्या हातातून."

"तू साक्षीदार आहेस. सही कर आणि जा."

"ती नाही उतरणार, फर्मी."

"क्लिमेनला मिळेल मग सगळं."

"ती म्हणेल, घ्या काका. किल्लीसुद्धा नेऊन देईल. तुझीच मुलगी ना?"

मी पाव खाल्ला नाही. या तबेल्याचे क्लिमेन काय करेल ते मला माहीत आहे. भिंती पांढऱ्या करून शहरातल्या लोकांना रात्रीपुरत्या खोल्या देईल, आणि गाडी दारात टांगून तिच्यात जिरेनियमच्या कुंड्या ठेवेल. म्हणून क्लिमेनबद्दलची ओळ रद्द समजावी. अट पाळली नाही तरी सगळे नेउसचेच.

एवारिस्त म्हणाला, "मग अट उरली कुठे?"

"फोर्क उरले."

"ते घे की बोटभर खाली."

"मग सिद्ध काय झालं?"

त्याने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

फोर्क अर्धे बोट खाली घेण्यास हरकत नाही, असे मी लिहितो. अर्ध्या बोटाने वरचे वळणही जमेल आणि खाली चाकही सरळ राहील. बहुधा राहील. हे लिहून मी बराच वेळ डोळे मिटून तिला उतरताना बघितले. वरचे वळण ती घेते. पहिला दगड, दुसरा दगड, मोठ्या सपाट दगडानंतरचा खड्डा. तिथे दर वेळी माझेच हात ताठ होतात. जड फ्लायव्हील काढले तर? नको, इंजिन बंद पडेल. फूटरेस्ट अजून मागे? मग पुढचे चाक हलके होईल. अर्धे बोट की पाऊण? ज्या बाजूने बघावे त्या बाजूने ती पडते आणि काय बदलले ते विचारते, आणि तेव्हा उत्तर द्यायला मी तिथे नसणार.

तरी शेवटचे असे: कोणतीही अट नाही. तबेला, हत्यारे आणि लाल गाडी नेउसची. फोर्क वर ठेवावेत, खाली घ्यावेत की सगळी गाडी खोलून तिच्या शाळेत सुट्या भागांसाठी वापरावी, ते तिने ठरवावे. ती पडली ते शेवाळ्यामुळेच, हे माझे मत कायम आहे आणि ते या कागदावरून कोणी काढू नये. ओढ्याच्या उतरणीवर ती कधी गेलीच, तर पाना घेऊन कोणीही तिच्यासोबत जाऊ नये.

वरील सर्व मी वाचून पाहिले. खोडलेले काही नाही.

सही: फर्मी कुदिनाक

साक्षीदार:
एवारिस्त पुजाल, निवृत्त पोस्टमन
फिलुमेना रोव्हिरा, बारमालकीण

ठिकाण: सांत ग्राउ, तबेला
दिनांक: १४ मार्च १९९९