धुळवडीच्या दिवशी हिंगणीला

सेलू, मे २००८

प्रिय गजेंद्र,

आईंचा गुडघा आता बरा आहे. काल त्या दुकानाच्या पायऱ्या कशाचाही आधार न घेता चढल्या आणि गादीवर मांडी घालून बसता येत नाही म्हणून खुर्चीवरूनच गिऱ्हाइकांना लग्नाच्या साड्या दाखवल्या. ऊन इतकं की दुपारी सगळा बाजार बंद असतो. आई पंख्याखाली झोपल्यात, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. फोनवर मी काही सांगायला लागले की तू लगेच उपाय सुचवतोस. आज मला उपाय नको, तू नुसतं ऐकायला हवं आहेस.

दिवाळीला मी अमेरिकेहून परतले ते आईंच्या ऑपरेशनसाठी, असं आपण सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं. पण ऑपरेशन नसतं तरी मी काहीतरी कारण काढून आले असते. सकाळी तू कामावर गेलास की कोलंबसच्या त्या घरात मी आणि फ्रिजचा आवाज, एवढंच उरायचं. तुझ्या व्हिसावर आलेल्या बायकोला तिथे नोकरी करता येत नाही, हे लग्नाआधी माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रोज दुपार काढणं वेगळं. तुझ्या मित्राकडे जेवायला गेलो तेव्हा कुणीतरी विचारलं, मी काय करते. मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, "ती सध्या आराम करते आहे." प्रेमानेच म्हणालास. पण वर्षानुवर्षं पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेल्या बाईला तो घास गिळवला नाही रे.

नंतर मी लायब्ररीत जायला लागले, ते फक्त मासिकं वाचायला नव्हे. कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी यंत्रं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीची जाहिरात तिथेच पाहिली. त्यांनी मुलाखत घेतली आणि मी इथे आल्यावर कळवलं, की ते माझ्यासाठी कामाच्या व्हिसाचा अर्ज करतील. तुला सांगितलं नाही. तू नाही म्हणाला नसतास. "बघू, जमलं तर," म्हणाला असतास, आणि मी तिथेच ढिली पडले असते.

आईंना मात्र कळलं. एक दिवस मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तर त्या म्हणाल्या, "काऊन अशी गप्प राह्यतं? माह्याच गुडघ्याचं नाव सांगून इथं राहून राह्यली ना तू?" मी रडले आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली घडी घेऊन बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "गजेंद्रचे बाबा गेल्यावर मी दुकानात बसली, तं नातेवाईक म्हणे, घरी बस, आम्ही पोसतो. पोसलं असतं त्याईनं. पण मी मेली असती." तुला हे कधी सांगितलं होतं त्यांनी? मला तर नव्हतं.

या अर्जांचं तुला माहीतच आहे. एप्रिलच्या सुरुवातीचे मोजके दिवस दार उघडतं. गेल्या वर्षी तर उघडल्या उघडल्याच इतके अर्ज आले की लगेच बंद झालं. माझी बाकीची कागदपत्रं वेळेत गेली होती. ऐन होळीच्या दिवशी तिथल्या वकिलीणबाईंचा मेल आला, की कॉलेजने दिलेल्या अनुभवाच्या पत्रात मी कोणते विषय शिकवले ते नाही; नवं पत्र, मूळ सहीचं, ताबडतोब पाठवा. प्राचार्य वासुदेवराव सर सुट्टीसाठी हिंगणीच्या मळ्यात गेले होते आणि तिथूनच दोन दिवसांनी मुलाकडे बंगळुरूला निघणार होते. फोन लागेना.

दुसऱ्या दिवशी धुळवड. रस्त्यावर बस नाही, ऑटो नाही. मी स्कूटी काढली, तर आई पदर खोचून मागे बसल्या. मी म्हटलं, गुडघा दुखेल. "दुखू दे. तू एकटी गेली तं सर म्हणतीन मंग पाहू. मले नाई म्हणायची हिंमत नाई होत कोणाची." वाटेत पोरांनी आम्हाला थांबवून रंगवलं. आईंना गुलालाने, मला कसल्याशा पक्क्या जांभळ्याने.

सर संत्र्याच्या बागेत नातवंडांसोबत बसले होते, डोक्यापासून पायापर्यंत हिरवे. आमच्याकडे पाहून आधी हसलेच. मग म्हणाले, शिक्का कॉलेजात आहे, आल्यावर पाहू. आई उभ्याच राहिल्या. "सर, रंग मंग खेळजा. माह्या सुनेचं दार बंद होऊन राह्यलं." सरांनी एकदा त्यांच्या पायाकडे पाहिलं, आणि जीपची किल्ली मागवली. कॉलेजात मी टाईप केलं, त्यांनी सही केली, तर अंगठ्याचा हिरवा ठसा कागदावर. हात धुऊन पुन्हा सही. निघताना म्हणाले, "तिकडे गेलीस तरी शिकवणं सोडू नकोस." सोमवारी कुरिअर वर्ध्याहून गेलं. अर्ज वेळेत पोचला, पण या वर्षीही अर्ज फार, म्हणून सोडत काढली. ते आठवडे आई रोज विचारायच्या, "आलं का काही?" मी नाही म्हटलं, की त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायच्या.

काल मेल आला, गजेंद्र. माझा नंबर लागला. ऑक्टोबरपासून कामावर बोलावलंय. मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आईंनाही नाही. पहिलं तुला सांगते आहे. म्हणून तू माझं जूनचं जे तिकीट काढतो आहेस ते काढू नकोस. तुझ्या व्हिसावर मी आता येणार नाही. येईन ती माझ्या. एकच अडचण. कंपनी क्लीव्हलँडला आहे, तुझ्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर. मी नकाशा पाहिला. दोन्हींच्या मध्ये मॅन्सफिल्ड नावाचं गाव आहे. सकाळी दोघंही घराबाहेर पडू, तू एका दिशेने, मी दुसऱ्या. तुला जमेल का? एखाद्या रविवारी जाऊन तिथे घर बघशील? आईंना जिना चढावा लागणार नाही असं, खालच्या मजल्याचं बघ. त्या म्हणतात मी दुकान सोडून कुठे येऊ. पण काल कॅलेंडर काढून विचारत होत्या, तिकडे बर्फ कधी पडतो म्हणून.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
ज्योत्स्ना