साडू नावाचा देवदूत

आदरणीय थोरले साडूभाऊ यांस धाकट्या साडूचा परदेशातून सलाम. प्रभूच्या कृपेने माझी तब्येत ठीक आहे, म्हणजे गुडघा सोडून, आणि पोट धरलं तर पोटही सोडून. तुमची कशी आहे? हे रीत म्हणून विचारत नाही. निघताना तुम्ही मला मिठी मारलीत तेव्हा तुमच्या तोंडात मूठभर पेपरमिंट होत्या. इतक्या पेपरमिंट माणूस दोनच कारणांनी खातो, आणि घसा तर तुमचा खणखणीत आहे. इतकी वर्षं सुटलेली बाटली पुन्हा धरलीत की काय, या काळजीने मला विमानात डोळा लागला नाही. (तुमच्या मेव्हणीला लागला. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, तो खांदा अजून वर होत नाही.) हे फोनवर विचारता आलं असतं, पण फोन पाळकसाहेबांचा, आणि त्यांना तो स्पीकरवर लावायची खोड आहे. म्हणून पाळकीणबाई लवकर परत निघाल्या आहेत त्यांच्या हाती हे पत्र देतोय. पाकीट डिंकाने दोनदा चिकटवलं आहे. फाटलेलं मिळालं तर समजून घ्या.

इथली वस्ती डोंगराच्या उतारावर आहे. खालच्या घराचं छप्पर तेच वरच्या घराचं अंगण, त्यामुळे चालताना आपण कोणाच्या डोक्यावर आहोत याचा नेम नाही. आपल्या चर्चची बाकीची मंडळी गीतं गायला आणि मुलांना गोष्टी सांगायला आली आहेत. मला आणलं ते शाळेत हात धुवायचे नळ बसवायला. सेवा करायला आलो खरा, पण पहिल्याच चढणीला गुडघ्याने दगा दिला आणि ज्या गरिबांच्या मदतीला आलो त्यांतल्या दोघींनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. पाळकसाहेबांनी फोटो काढला. पण त्यात कोण कोणाची सेवा करतंय ते कळत नाही, म्हणून तो चर्चच्या फलकावर लावणार नाहीत म्हणे.

नळाखालचा ओटा बांधायला इथलाच एक गवंडी दिला होता. हात सोन्याचा, पण दुपारनंतर भिंत डावीकडे झुकायची आणि गवंडी उजवीकडे. वास यायचा तो तुमच्या-माझ्या ओळखीचा. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही, पण कामाचं अडत नव्हतं. हात पुढे केला की तो पाना द्यायचा. (एकदा मी गुडघा धरून ‘अरे देवा’ म्हणालो तर हातोडी दिली.)

मग पाळकसाहेबांनी फर्मान काढलं की उपासनेत प्रत्येकाने साक्ष द्यायची, देवाने आपलं आयुष्य कसं पालटलं ते सांगायचं. मला घाम फुटला. आमच्यातला न्हावी जुगारात दुकान हरलेला, शिवणवाल्या बाई सख्ख्या बहिणीशी उभ्या जन्मात न बोललेल्या. मी काय सांगू? पाप करायलाही धीर लागतो, आणि मी आयुष्यभर घाबरत आलो. पाळकसाहेब म्हणाले, ‘काका, आठवून बघा, निघेल काहीतरी.’ आठवलं, पण निघालं ते सगळं दुसऱ्यांचं.

उभा राहिलो, आणि साडूभाऊ, तोंडातून तुमची साक्ष बाहेर पडली. मी पुतणीच्या लग्नात किती प्यालो, बँडवाल्याचा ढोल हिसकावून घेऊन स्टेजवर कसा चढलो, आणि मांडवामागच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत गारवा बघून कसा झोपलो. मग सकाळी नळ सुटला, पाणी कमरेला, छातीला, गळ्याशी आलं, मी बोंबलत बाहेर निघालो आणि दारू टाकीतच राहिली. इथवर छान जमलं. पण खरं तर तो नळ सोडला होता मी. (‘टाकीत आधी वाकून बघायची अक्कल नव्हती’ असं तुमची मेव्हणी अजून ऐकवते. तुम्ही मात्र देवाने माझ्या हातून सोडला म्हणता, ते तुमचं मोठेपण.) आता मीच टाकीत, तर नळापाशी कोण? अडखळलो आणि म्हणालो, ‘माझा साडू.’ दुभाषीबाईंच्या भाषेत साडूला शब्द नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगून टाकलं, ‘देवदूत.’

सगळी सभा रडायला लागली. तुमची मेव्हणी रुमालात तोंड खुपसून हसत होती, तीही लोकांना रडतानाच दिसली. गवंडी पुढे आला, माझे दोन्ही हात धरले आणि बाईंमार्फत म्हणाला, ‘बाबा, तुमची सुटली तर माझीही सुटेल. तुम्ही पुन्हा घेतलीत तर मीही मोकळा.’ तेव्हापासून तो माझ्या मागे सावलीसारखा आहे. माझं खोकल्याचं औषध त्याने मोरीत ओतलं, पाण्याचा पेलाही हुंगून देतो. पण ओटा ओळंब्यात आला, नळ बसले. मुलं दिवसभर हात धुतात, एक चिमुरडी तर नुसता नळ उघडायला आणि बंद करायला येते. वायसर झिजेल म्हणून मी ओरडतो आणि पुन्हा तिथेच बघत बसतो. खोटं कशाला सांगू, फार सुखात आहे. अक्कांना सलाम.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. गवंडी रोज सकाळी विचारतो, ‘अजून सुटलेलीच ना?’ मी रोज छातीवर हात ठेवून हो म्हणतो. म्हणजे तिकडे तुम्ही एक घोट घेतलात की इकडे प्यायलेला मी, आणि माझ्या मागोमाग तो. तेव्हा पेपरमिंटचं काय ते खरं कळवा. सुटलेली असली तरी एक ओळ, धरलेली असली तरी एक ओळ. अक्कांना सांगणार नाही.

आणखी एक. साक्ष पाळकसाहेबांना भारी आवडली आहे (ते नवे, बरोबरची मंडळीही नवी, टाकी कोणालाच ठाऊक नाही). परत आल्यावर आपल्या चर्चमध्ये पुन्हा द्यायची म्हणतात. तिथे जुनी माणसं असणार, त्यांतल्या निम्म्यांनी तुम्हाला बाहेर ओढलं होतं. म्हणून त्या रविवारी माझं नाव पुकारलं की उठायचं तुम्ही. धरलेली असेल तर नक्कीच उठा. टाकीत तुम्हीच उतरा, नळापाशी मी आहे. या खेपेला आधी आत वाकून बघेन.