चादरीखालचा हात

दि. १९, मंगळवार

चि. तोफ हिस,

मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येथील सर्व मंडळी कुशल आहेत. सर्व मंडळी म्हणजे मी, तुझी मामी आणि माझा पित्तविकार. पत्र टंकलिखित आहे याचा राग मानू नकोस. माझे हस्ताक्षर अवाचनीय आहे, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो आहे.

काल ताईच्या पत्रासोबत तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. ‘मामा, बढतीबद्दल अभिनंदन. आणि सॉरी, माझ्यामुळे ऑफिसात तुझं नाव खराब झालं.’ सत्तावीस वर्षे विधिमंडळाच्या अर्ज कक्षात बसून मी जनतेचे आक्रोश पांढऱ्या नाडीने बांधत आलो. एकाही आक्रोशाने माझ्या वामकुक्षीस बाधा आणली नव्हती. तुझ्या त्या ‘सॉरी’ने आणली.

ताई लिहिते, महिना झाला, तू शाळेखेरीज कुठे जात नाहीस, आणि शाळेत मुले तुला ‘पहिलं नाव’ म्हणून हाका मारतात. ‘हिला मिरवायचं होतं, म्हणून पूल गेला.’ मुलांनी प्रकरणाचा सांगोपांग अभ्यास केलेला नाही. मी केलेला आहे.

तुमच्या शाळेसमोरच्या हमरस्त्यावर पादचारी पुलाची कोनशिला तुमच्या आमदारांनी, आमच्या भाषेत माननीय सदस्यांनी, दोनदा बसवली. कोनशिला दोन, पूल शून्य. तुझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा उजवा हात त्याच रस्त्यावर ट्रकखाली गेला आणि तू सह्या गोळा करत निघालीस. तीन हजार एकशे बारा सह्या. तो गठ्ठा घेऊन तू आमच्या स्वयंपाकघरात आलीस तेव्हाचे तुझे भाषण मला मुखोद्गत आहे.

“मामा, एकदा न्हावीकाकांच्या दुकानात बसून बघ. खुर्चीतला प्रत्येक माणूस आमदारांना शिव्या घालतो. चोर आहेत, निर्लज्ज आहेत, सगळे एका माळेचे मणी. मी कागद पुढे केला की चिडीचूप! तोंड बाहेर, हात चादरीखाली. लोकांना राग काय कमी आहे का? हात बाहेर काढायची भीती वाटते त्यांना. मी म्हणते, काका, शिवी राहू दे, सही द्या. मग एकेकाचा हात निघतो.”

कागदांवर खरोखरच दाढीच्या साबणाचे डाग होते.

“सगळ्यात वरची जागा कोरी ठेवलीय. तिथे पहिली सही न्हावीकाकांची घेऊ?” तू विचारलेस.

“छे! पायपीट कोणाची?”

“माझी. पण ते मिरवल्यासारखं नाही का वाटणार?”

“मिरव की. इतिहास पहिलेच नाव वाचतो.”

तू लाजलीस, आणि वरच्या कोऱ्या जागेत सही केलीस.

इतिहासाचे मला ठाऊक नाही. नियम चौदा मात्र पहिलेच नाव वाचतो. पहिली सही ज्याची, तोच अर्जदार. अर्जदार अठरा वर्षांखालील असेल तर अर्ज अग्राह्य, आणि त्या विषयावर पुढे वर्षभर नवा अर्ज नाही. तुझी जन्मतारीख मला ठाऊक होती, भेटवस्तू दरवर्षी मीच आणतो. नियम चौदाही ठाऊक होता. त्याचा मसुदा माझाच.

तू येण्याच्या आदल्या दिवशी माननीय सदस्यांचे स्वीय सहायक माझ्या टेबलाशी अवतीर्ण झाले होते. “भाची तुमचीच ना? गुणी आहे हो पोरगी. जरा समजावा तिला. आणि तुमच्या बढतीचा कागद साहेबांपुढेच आहे, बरं का.”

तुला समजावले असते तर तू मला तोंडावर भित्रा म्हणाली असतीस. तो अपमान टाळण्यासाठी मी तुला प्रोत्साहन दिले.

‘अग्राह्य’ हा शिक्काही मीच मारला. तत्पूर्वी, सवयीने, सर्व सह्यांची छाननी केली. चाळिसाव्या क्रमांकाशी वेडीवाकडी सही दिसली म्हणून तांबड्या पेन्सिलीने शेरा दिला, ‘अक्षर संशयास्पद’. नाव नंतर वाचले. तुझ्या मैत्रिणीचे होते. डाव्या हाताने केलेली सही. शेरा खोडला नाही. छाननीत खाडाखोड निषिद्ध आहे.

सबब, तुझ्या हातून प्रमाद एकच घडला. तू मामाला विचारलेस. हे त्या मुलांना सांग. नुसते ‘मामा म्हणाला’ असे सांगितलेस तर ती विश्वास ठेवणार नाहीत, याचीही मला कल्पना आहे.

आता नियम बावीस. कक्षातील कर्मचाऱ्याने अर्जदाराची दिशाभूल केल्याची लेखी कबुली स्वतःच्या सहीनिशी दिली, तर वर्षाची बंदी उठते आणि दुरुस्त केलेला अर्ज त्याच अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा लागतो. तेथे माननीय सदस्यांना उभे राहून पूल कुठे आहे ते सांगावे लागेल. हाही मसुदा माझाच. इतका मूर्ख कर्मचारी जन्मास येणार नाही, या दृढ विश्वासाने लिहिलेला. अधिवेशन शुक्रवारी संपते. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल.

म्हणजे, बाळ, तुझा पूल या कागदाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात आहे. दोन इंच जागा सोडली आहे.

मी हे पत्र सकाळपासून चार वेळा छापले. पेन शेजारीच आहे. मामी दोनदा डोकावून गेली. “अहो, एक सही करायला एवढा वेळ?” मी म्हटले, शाई वाळली आहे. तिने दुसरे पेन आणून दिले. तेही शेजारी आहे.

न्हावीकाकांना सांग, त्यांच्या खुर्चीत आणखी एक गिऱ्हाईक बसले आहे. तोंड चालते आहे, तेही संस्कृतप्रचुर. तू समोर असतीस तर त्याचा हात ओढून बाहेर काढला असतास.

म्हणूनच हे पोस्टाने पाठवीत आहे.

तुझा मामा

(सही)  . . . . . . . . . .